ओवाळणी आणि हक्कसोड

आत्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या मागं स्टीलच्या डब्यांची थप्पी लागली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. प्रत्येक झाकणावर स्टिकर, त्यावर पक्षाचं चिन्ह आणि 'भाऊं'चा हात जोडलेला फोटो. कोपऱ्यात नखाएवढ्या वहिनी. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला तर उमेदवार त्याच, हे ठरलेलं.

आत्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. वीस वर्षं एका हिंदुत्ववादी पक्षाच्या महिला आघाडीत आहे. कुठल्या ते सांगत नाही, कारण हेच चित्र दुसऱ्यातही दिसलं असतं. "मी समद्या गल्ल्या फिरतो, वहिनींना तर निम्म्या दारांची ओळखबी मीच करून देणार," ती म्हणाली. (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असं बोलतात हे पुण्याच्या मैत्रिणींना अजून पटत नाही.)

मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथला परंपरावादी पक्ष म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. थॅचर, थेरेसा मे, लिझ ट्रस या तिन्ही स्त्री पंतप्रधान त्याच पक्षाच्या. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला केमी बेडनॉक त्याच्या नेत्या झाल्या. बरोबरीच्या गप्पा जास्त मारणाऱ्या लेबर पक्षात तोवर एकही बाई निवडून नेतेपदी बसली नव्हती. त्याच महिन्यात विधानसभेचा निकाल लागला आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या दहाच्या दहा जागांवर पुरुष आले. महाराष्ट्राला तर आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही.

यावरून इकडचे सनातनी तिकडच्यांपेक्षा उदार, असं कुणी म्हणालं तर मला हसू येईल. २०२४ मध्ये निवडून आलेल्या १२१ कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांत बायका फक्त २९. थॅचरबाईंनाही फिंचलीची उमेदवारी मिळण्याआधी इतर मतदारसंघांनी नाकारलं होतं. लहान जुळी मुलं असताना घर कसं सांभाळणार, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.

मला यातली जुनी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १८८३ च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये निवडणूक खर्चावर लगाम आला. पैसे देऊन प्रचारक नेमता येईनात. मग दारोदार जायचं कुणी? त्याच वर्षी निघालेल्या 'प्रिमरोज लीग' या कॉन्झर्व्हेटिव्ह संघटनेत लवकरच बायका आल्या. चहापान, जत्रा, गाण्याचे कार्यक्रम आणि त्याआडून मतांची बांधणी. बायकांना मताचा अधिकार नव्हता, तेव्हापासून त्या पुरुषांना निवडून आणत होत्या. म्हणजे हळदीकुंकूच की! म्हणून आमच्याकडच्या वाण-राजकारणाला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. आत्याला अख्ख्या प्रभागाची कुंडली पाठ आहे: कुणाची सून बाळंतपणाला गेली, कुणाचं रेशनकार्ड अडलंय.

फरक पडतो तो पुढं. इथं उमेदवार निवडताना मतदारसंघातल्या साध्या सभासदांना मत असतं. लंडनचं कार्यालय नावांची चाळणी लावतं, कधी वरून माणूसही लादतं, हे खरं. पण चहा करणारी बाई त्या खोलीत हात वर करायला असते. आमच्याकडं तिकीट मुंबईहून येतं नाहीतर घराण्यातून, आणि गल्लीपुरतं म्हणाल तर तालमीच्या कट्ट्यावर ठरतं. महाराणी ताराराणींनी १७०० नंतर औरंगजेबाशी लढा चालवला, कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्यांच्या नावानं महापालिकेत आघाडी निघाली. तिचे कारभारी मात्र पुरुष.

आता 'लाडकी बहीण'. महिना १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जातात, आणि आत्याच्या शेजारणीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता चष्मा केला. त्याला मी लाच म्हणणार नाही. पण योजनेला हे नाव देणाऱ्यानं नातं बरोबर हेरलंय. भाऊ दिवाळीला ओवाळणी घालतो, साडी नेसवतो. आणि बापाच्या शेताच्या वाटणीची वेळ आली की त्याच बहिणीला तालुक्याला नेऊन हक्कसोडावर सही घेतो. "तुला काय कमी आहे?" असं वर विचारतो. पंचायत-पालिकांत ५० टक्के जागा कायद्यानं द्याव्या लागल्या म्हणून दिल्या. विधानसभा-लोकसभेतला एक तृतीयांश वाटा २०२३ ला घटनादुरुस्ती करून मंजूर झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेच्या खुंटीला बांधून ठेवला. सातबारावर नाव लागायची वाट बघणाऱ्या बहिणीला हे नवीन नाही.

माझ्या आत्यानंही आजोबांच्या शेतावरचा हक्क सोडला होता. सही घेणारे माझे वडील. ती साडी मोरपंखी होती, अजून आमच्या घरातल्या फोटोत आहे.

मी तिला विचारलं, "तू का नाही मागत तिकीट?"

"मागितलं की गेल्या खेपेला," ती डबे मोजत म्हणाली. "भाऊ म्हणाले, आत्या, तुम्हाला काय कमी आहे?"