राखणीच्या झोपडीतली मुलं पटावर कधी येणार?

वाडीत मुलंच उरली नाहीत म्हणून कोकणातल्या शाळा ओस पडतात, हे तुम्ही छापलेल्या लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. आमच्या रत्नागिरी-देवगड पट्ट्यात हापूसच्या बागांत नेपाळी राखणदार बिऱ्हाडासकट येतात, ते पावसाच्या तोंडापर्यंत राहतात. आईबाप माकडं हाकलतायत, आंबा उतरवतायत, आणि तीन-चार वर्षांचं पोर फवारणीच्या रिकाम्या डब्याशी खेळतंय. ही मुलं मोजणीत का नाहीत?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. त्याखालच्यांना आधार अंगणवाडीचाच, आणि ती असते वाडीत, बाग लांब सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. सेविकेनं आपली वाडी सोडून आंब्याच्या किती बागा पालथ्या घालायच्या? (मानधन किती, तेही छापा कधीतरी.) रायगडात उलटी गत: कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची नावं मात्र गावच्या पटावरच.

बागायतदारांनाही विचारायला हवं. पेट्या न्यायला टेम्पो बागेत येतोच ना? सकाळी त्यातूनच चार पोरं अंगणवाडीच्या दारात उतरवायला कुणाच्या शासन निर्णयाची वाट बघताय?