पिन विकत घेताना ती कुठे लावणार हे आधी ठरवा

परवा मैत्रीण तिचं डेनिम जॅकेट घेऊन आली, त्यावर मोजून 19 एनॅमल पिना, म्हणजे कपड्यावर शोभेला लावायच्या, रंग भरलेल्या धातूच्या छोट्या चित्रांच्या पिना. एकेक हातात घेऊन बघत बसावी अशी, झोपलेलं मांजर, शनी ग्रह, पुस्तकांची चळत, इवलासा टाइपरायटर, सगळ्या तिने वर्षानुवर्षं हौसेने जमवलेल्या, पण जॅकेट अंगात घातलं की त्यातली एकही धड दिसेना. ती म्हणाली, अगं काहीतरी बिघडलंय पण काय ते कळत नाहीये. मग आम्ही जॅकेट जमिनीवर पसरलं, सगळ्या पिना काढल्या आणि दीड तास नुसतं लावणं-काढणं चालू होतं. शेवटी पाच राहिल्या. आणि त्या पाच काय खुलल्या म्हणून सांगू!

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. पिनांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं कोणती घ्यावी याबद्दल असतं, डिझाइन, सेट, लिमिटेड एडिशन. माझं म्हणणं एवढंच आहे की पिन कोणती यापेक्षा ती बसलीये कुठे यावर सगळा लुक ठरतो, आणि तिकडे कुणी लक्षच देत नाही.

साधी गोष्ट बघा. पिन असते 25 ते 35 मिलिमीटरची. समोरचा माणूस चार पावलांवर असला तर त्याला चित्र दिसतच नाही, दिसतो फक्त आकार आणि चमक. आणि बोलताना त्याची नजर असते आपल्या चेहऱ्यावर. म्हणजे पिन जितकी चेहऱ्याच्या जवळ तितकी ती दिसणार, कॉलरचं टोक, ब्लेझरचं लॅपल म्हणजे पुढे दुमडलेली पट्टी, खांद्याखालचा भाग, स्वेटरच्या गळ्याच्या जरा बाजूला. खिशाच्या खाली गेली की संपलं. शर्टाच्या कॉलरवर एकाच टोकाला एक छोटी पिन आणि दुसरं टोक रिकामं, हे मला सगळ्यात आवडतं, अगदी साधा पांढरा शर्टसुद्धा त्याने एकदम विचार करून घातल्यासारखा वाटतो.

जागा तर झालीच, पण पिनेची दिशासुद्धा बोलते बरं का. मॅडलिन ऑलब्राइट संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या तेव्हाची गोष्ट. इराकच्या सरकारी माध्यमांनी त्यांना सर्पिणी म्हटलं, तर पुढच्या वेळी इराकबद्दल बैठक होती तेव्हा या बाई सापाची पिन लावून गेल्या. हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो, पण मला त्यांचा निळ्या पक्ष्याचा किस्सा जास्त भिडतो. ती पिन त्या नेहमी पक्ष्याची चोच वर करून लावायच्या, आणि 1996 मध्ये क्युबाच्या लढाऊ विमानांनी दोन छोटी नागरी विमानं पाडली, माणसं गेली, तेव्हा त्यांनी तीच पिन चोच खाली करून लावली. पिन तीच, फक्त फिरवली, आणि अख्खा अर्थ बदलला. याला मी स्टायलिंग म्हणते.

आणि रंगसुद्धा. 1909 मध्ये ब्रिटनमध्ये मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांना सुटून आल्यावर एक चांदीचा ब्रोच द्यायचे, त्याच चळवळीतल्या चित्रकार सिल्व्हिया पँकहर्स्टने डिझाइन केलेला. आकार जाळीदार फाटकाचा, आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवर असायचा तो बाण, जांभळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या एनॅमलमध्ये. चळवळीचे रंग तेच होते. अंगठ्याएवढ्या धातूच्या तुकड्यात ती बाई कोण आणि कुठून आलीये हे सगळं आलं. असं काही आठवलं की 19 पिना एकावर एक चिकटवलेल्या बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली प्रत्येक पिन काहीतरी सांगत असते आणि शेजारची तिला बोलू देत नाही.

आता कापडाचं, कारण नुकसान इथेच होतं. पिनेला वजन असतं, पातळ टीशर्टवर लावली की तेवढा भाग पुढे लोंबतो, पिन जमिनीकडे बघायला लागते आणि वर भोक पडतं ते वेगळंच. टीशर्टवर लावायचीच असेल तर आतून फेल्टचा नाहीतर जाड कापडाचा छोटा तुकडा ठेवा आणि टोक दोन्हींतून आरपार काढा, पिन ताठ राहते. सॅटिन, सिल्कवर मी लावतच नाही, धागा सरकला की तो डाग कायमचा. लेदरला पडलेलं भोक बुजत नाही. रेनकोटला भोक पाडलंत तर पाणी आत येणार, त्यापेक्षा त्याच्या आतल्या अडकवायच्या लूपवर लावा. विणलेल्या स्वेटरला मात्र घाबरू नका, टोक दोन टाक्यांच्या मधून सरकवायचं, धाग्यात खुपसायचं नाही. डेनिमवर सगळ्यात छान जागा म्हणजे खांद्याजवळची आडवी शिवण, तिथे कापड दुहेरी असतं म्हणून मोठी पिनसुद्धा हलत नाही. आणि धुवायला टाकायच्या आधी सगळ्या काढायच्या, हे सांगायला नको पण सांगते.

पिन उलटी करून मागचा भाग बघायची सवय लावा. एकच टोक असेल तर पिन गोल फिरते, गोल डिझाइनला चालतं, पण ज्या चित्राला वर-खाली आहे त्याला दोन टोकं हवीतच. माझी एक चंद्राची पिन होती, आजारपणात सोबतीला असलेल्या मैत्रिणीने दिलेली. ती मी रोजच्या बॅगेच्या पट्ट्यावर लावली, मागे टोकावर बसणारं टोपण म्हणजे तो नेहमीचा दोन पंखांचा बटरफ्लाय क्लच, आणि एक दिवस घरी येऊन बघते तर पट्ट्यावर नुसती दोन बारीक भोकं. चार वेळा त्या रस्त्याने परत गेले. नाही मिळाली. बॅग दिवसभर कुठे ना कुठे घासते, खुर्चीला, लोकांना, दाराला, तो क्लच तिथे टिकतच नाही. बॅगेवर आणि टोपीवर लॉकिंग बॅकच हवा, म्हणजे आपोआप न सुटणारं टोपण, काहींना बारीक स्क्रू असतो, काही टोपण वर ओढल्याशिवाय निघत नाहीत. अंगाला लागणाऱ्या कपड्याला रबरी क्लच बरा, टोचत नाही. आणि निकेलची ॲलर्जी असेल तर टोक थेट त्वचेला लागणार नाही हे बघाच.

अजून एक, ज्याकडे फार कमी जण बघतात. सॉफ्ट एनॅमलमध्ये रंग धातूच्या रेषांपेक्षा खोल असतो, बोट फिरवलं की रेषा हाताला लागतात. हार्ड एनॅमल घासून सपाट केलेलं असतं, काचेसारखं गुळगुळीत. खडबडीत लोकरीवर, डेनिमवर सॉफ्ट छान दिसतं, ब्लेझरवर हार्ड. जुन्या कामात काचेची पूड 700 अंशांच्या वर तापवून वितळवायचे, आता बहुतेक पिनांमध्ये रेझिन किंवा रंग भरून भाजतात, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका, ओलसर मऊ कापड पुरे. आणि पिनेच्या रेषांचा धातू अंगावरच्या दुसऱ्या धातूशी जुळवून बघा, चष्म्याची फ्रेम, चेन, बटणं. चित्राचा रंग कपड्याशी मॅच करण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

तर त्या पाच पिना. शनी सगळ्यात मोठा, तो आधी डाव्या खांद्याखाली बसवला, त्याच्या खाली तिरप्या रेषेत दोन छोट्या, मध्ये दोन बोटं मोकळी जागा. मांजर खिशाच्या झाकणावर, जणू काठावर झोपलंय. टाइपरायटर उजव्या कॉलरवर एकटा. ती लिहिते, म्हणून तो तिथेच हवा असं तीच म्हणाली. उरलेल्या 14 पिना एका जाड कापडाच्या पट्टीवर लावून ती पट्टी तिने आरशाशेजारी टांगलीये, आणि आता दर आठवड्याला ती मला फोटो पाठवते, आज कोण बाहेर निघालंय त्याचा.