ठोकळ्यावरच किमतीचं स्टिकर? अहो, कशासाठी?

मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांचा खोका एवढा मोठा, चारी बाजू मोकळ्या, तरी किमतीचं लेबल डकवायचं ते पिशवीतून डोकावणाऱ्या ठोकळ्यावर! इंदूरच्या रानीपुरा बाजारातल्या सुट्ट्या ठोकळ्यांच्या ढिगात हात घाला, दर तिसऱ्या तुकड्याला 'सेल'चं पिवळं शेपूट. तेही असं स्वस्त कागदाचं की नख लावलं की वरचा पापुद्रा निघतो आणि खालचा कागद चिकासकट तिथेच ठाण मांडतो. सहा प्रकारांत कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरला स्टिकर आणि खेळणं वेगळं ठेवता येत नाही!

आणि त्याहून डोक्यात जातात ते सल्ले देणारे. 'नेलपॉलिश रिमूव्हर लावा, एका मिनिटात साफ.' हो, ठोकळाच साफ! चांगले ठोकळे एबीएस प्लास्टिकचे असतात, लेगोचे तर १९६३ पासून. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग पांढुरका, खरबरीत, आणि तो डाग जन्माचा. रंगकामाचं थिनर म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. तारेच्या घासणीने चकाकी जाते, ब्लेडने ओरखडे. उकळतं पाणी ओतणारेही आहेत! लेगोवाले स्वतःच ४० अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तेवढं असतं, गॅस पेटवता कशाला?

कागद आणि चीक ही दोन वेगळी कामं आहेत, हे कुणी लक्षातच घेत नाही. कागदी लेबल असेल तर खोबरेल तेल चोपडा आणि अर्धा तास विसरा. कागद तेल पितो, चीक सैल होतो, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरकवा. प्लास्टिकचं लेबल तेल पीत नाही, वरून कितीही चोळा. त्याला हेअर ड्रायर, वीतभर लांबून, वीस-तीस सेकंद, आणि मग कोपरा धरून आडवं, सावकाश ओढा. झटका दिलात की चीक मागे राहिलाच.

उरलेल्या चिकावर पुन्हा थेंबभर तेल, बोटाने गोल गोल, त्याच्या वळ्या होतात. वरच्या गुंड्यांच्या मधल्या फटीत जुना टूथब्रश. नंतर भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी. हा धुण्याचा भाग टाळणारे महाभाग वेगळेच: तेल राहिलं की ठोकळे घट्ट बसत नाहीत, आणि धूळ दुप्पट चिकटते. तरीही ओशट वाटलं तर जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचं स्पिरिट, कापसावर घेऊन पुसा. पण छापील चेहऱ्यावर, चित्रावर नाही. छपाई उतरते, बाहुलं बिनडोळ्याचं होतं. पारदर्शक खिडक्या-काचांना तेल आणि साबणच, स्पिरिट नको, बारीक तडे जाऊ शकतात.

आणि दोन ठोकळ्यांवर मिळून एकच स्टिकर लावायला सांगणाऱ्या डिझायनरांना तर हात जोडून नमस्कार. मॉडेल सुटं करायचं म्हटलं की एक तर चित्र फाडा, नाही तर ते दोन ठोकळे जोडूनच ठेवा. मग सुटे ठोकळे विकलेत कशाला?