रात्री साडेअकराचा फॉरवर्ड

“अरे, ते ऐकतायत सगळं. यात लिहिलंय बघ.”

मावशीने आयसीयूबाहेरच्या बाकावरून मोबाईल माझ्या हातात दिला तेव्हा पहाटेचे पाच वाजत आले होते. आत काका. वय 61, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, बीपीची गोळी आठवली तर घेणार. मेंदूत रक्तस्राव झाला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी ‘ब्रेन डेड’ हा शब्द उच्चारला. पहिली तपासणी झाली होती, दुसरी व्हायची होती. अवयवदानाचा विषय मावशीनेच काढला होता. काका कधीतरी टीव्हीवर ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयव नेणाऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा करतात त्याची, बातमी बघताना म्हणाले होते, “तीस वर्षं सिग्नलला थांबलो. शेवटी एकदा माझ्यासाठी थांबवा म्हणावं.”

आणि मग रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर एका मामींनी तो मेसेज टाकला. ‘विज्ञानानेही अखेर मान्य केले! चैतन्य मेंदूत नसतेच!!’ खाली आठ मुद्दे, मध्ये नासा, शेवटी ‘हा मेसेज एक जीव वाचवू शकतो, थांबवू नका’. सकाळपर्यंत मावशीचा निर्णय फिरला. काहीच दिलं नाही. डोळेसुद्धा नाहीत.

तिचा निर्णय, तिचा हक्क. त्यावर मला बोलायचं नाही. मेसेजवर मात्र बोलायचंय, कारण महिनाभरात तो मला आणखी तिघांकडून आला. मामींना विचारलं तर म्हणाल्या, “मी फक्त पुढे पाठवलं. लिहिणारे मोठे डॉक्टर आहेत.” कोण डॉक्टर, ते मेसेजमध्ये नाही.

आठ मुद्दे क्रमाने घेत नाही. सातव्यापासून सुरू करतो, कारण नुकसान त्याने केलं.

सातवा मुद्दा असा: ‘ब्रेन डेड व्यक्ती सर्व ऐकत असते. तिचे हृदय चालू असते, बोटे हलतात. अशा वेळी अवयव काढल्यास चैतन्य अपूर्ण राहते व पुढील जन्मी तो अवयव मिळत नाही.’

आता हा वाचल्यावर वर जाऊन पहिला मुद्दा वाचा: ‘चैतन्य शरीरावर अवलंबून नाही, शरीर केवळ वस्त्र आहे.’ अहो, मग वस्त्राची दोन बटणं काढून दुसऱ्याच्या सदऱ्याला लावली तर वस्त्र टाकून गेलेल्याचं काय बिघडलं? शरीराबाहेरचं चैतन्य किडनीवाचून अपूर्ण राहत असेल, तर ते शरीराबाहेरचं कसलं? एकाच मेसेजात पहिला मुद्दा सातव्याला खोटा पाडतो आणि हजारो माणसं खाली हात जोडलेले इमोजी टाकतात. शिवाय दुसऱ्याच दिवशी भोईवाड्याच्या स्मशानात डोळ्यांसकट सगळंच जळतं, तेव्हा पुढच्या जन्माचा हिशोब कुणी काढत नाही.

हृदय चालू असतं, हे खरं. पण हृदयाचे ठोके मेंदू वाजवत नाही. उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला त्याची स्वतःची ठोके सोडणारी गाठ असते, प्राणवायू मिळत राहिला की ती काम करत राहते. प्राणवायू व्हेंटिलेटर देतो. म्हणून तर हृदय एका छातीतून काढून दुसऱ्या छातीत बसवता येतं. याच शहरात, केईएममध्ये, फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिलं. रुग्ण काही तासच जगला. पण जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, आणि मेंदूमृत्यूचा कायदा आपल्याकडे यायला आणखी 26 वर्षं होती.

बोट हलतं, हेही खरं. माझ्या मावसभावाने ते स्वतः पाहिलं आणि तो हादरला. मेंदूमृत माणसाचा हातसुद्धा कधी कधी उचलला जातो. ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची. पालीची शेपटी तुटली की ती फरशीवर वळवळत राहते, तेव्हा आपण म्हणतो का, की पालीचं चैतन्य शेपटीत गेलं? उपमा काकांच्या बाबतीत वापरताना जीभ अडखळते, पण यंत्रणा त्याच जातीची आहे.

आणि ‘ऐकत असते’. कसं कळतं की ऐकत नाही? 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर सही करतात: रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा सर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही नाही. तपासणी दोनदा, मध्ये किमान सहा तास. डोळ्यांत प्रकाश टाकतात, बाहुली आकसते का बघतात. बुबुळाला कापसाचा धागा लावतात. कानात बर्फाचं पाणी सोडतात. मेंदूचा खालचा देठ थोडा जरी जिवंत असला तरी डोळे सरकतात. घशात नळी हलवून ठसका येतो का बघतात. आणि शेवटी व्हेंटिलेटर काढून, नळीतून फक्त प्राणवायू देत, आठ-दहा मिनिटं वाट पाहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. श्वास घेण्याची इच्छा ही शरीराची सगळ्यात जुनी, सगळ्यात हट्टी इच्छा. छाती एकदाही वर आली तरी तपासणी तिथेच थांबते आणि माणूस मेंदूमृत ठरत नाही.

मावशीला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. घाईत दोन वाक्यं सांगून गेले. ती रिकामी जागा फॉरवर्डने भरली.

इथे एक अर्धसत्य मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी. ‘बेशुद्ध दिसणारा माणूस ऐकत असू शकतो’ हे काही रुग्णांबाबत खरं आहे. 2006 मध्ये मेंदूवैज्ञानिक एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. तिच्या मेंदूतला हालचाल आखणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. 2024 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांत हे आढळलं. चारात एक! तेव्हा कोमातल्या माणसाशेजारी बसून बोला, इस्टेटीची भांडणं खोलीबाहेर करा. पण हे रुग्ण मेंदूमृत नव्हते. आणि ते ‘आत’ आहेत हे कळलं कुठून? त्यांच्या मेंदूतूनच.

आता तिसरा मुद्दा, मेसेजचा सगळ्यात भारदस्त: ‘डॉ. सॅम पार्निया यांच्या संशोधनात 2060 रुग्णांनी मृत्यूनंतर आपले शरीर वरून पाहिले.’ एवढा एकच दाखला नावानिशी असल्यामुळे मी तो पेपर मुळातून वाचला. ‘रिससिटेशन’ या नियतकालिकात 2014 साली आलाय.

2060 हा आकडा त्यात आहे. हृदय बंद पडण्याच्या घटना तेवढ्या नोंदल्या. त्यातले 330 जण वाचले, 140 बोलू शकले, 101 जणांच्या सविस्तर मुलाखती झाल्या. बोगदा, प्रकाश, शांतता असा ‘मृत्यूसमीप’ अनुभव सांगणारे त्यातले 9. आजूबाजूचं पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट सांगणारे 2. आणि पडताळून पाहता आला तो 1. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने मेलेले धरून सगळ्यांनाच छताला टांगलं.

यातली खरी गंमत वेगळी आहे. पार्निया यांनी एक छान सापळा रचला होता. रुग्णालयांत छताजवळ सुमारे हजार फळ्या ठोकल्या आणि वरूनच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. कुणी खरंच वर तरंगत असेल तर त्याने चित्र सांगावं. किती जणांनी सांगितलं? शून्य. ज्या दोघांनी ‘पाहिलं’ त्यांच्या खोलीत फळीच नव्हती, त्यामुळे त्यांची परीक्षाच झाली नाही, हेही मान्य. मग 2023 मध्ये त्यांचाच दुसरा अभ्यास आला. 567 घटना, 53 वाचले, 28 जणांशी बोलता आलं, 11 जणांना काहीतरी आठवत होतं. या वेळी टॅब्लेटवर चित्रं होती. पुन्हा एकानेही ओळखलं नाही. कानात वाजवलेले शब्द मात्र एकाने ओळखले. ऐकायला छतावर जावं लागत नाही.

त्याच अभ्यासात काही रुग्णांच्या डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या, तारा लावल्या होत्या. छातीवर दाब देणं चालू असताना, अगदी तासाभरापर्यंत, मेंदूत जागेपणासारख्या लहरी अधूनमधून उमटत होत्या. ‘मेंदू बंद होता, तरी अनुभव आला’ हा सगळ्या युक्तिवादाचा पाया. आणि मेसेजने ज्यांना साक्षीला बोलावलं त्यांचंच यंत्र सांगतंय की मेंदू पुरता बंद नव्हता. पार्निया यांचा स्वतःचा कल चैतन्य वेगळं असू शकतं याकडे आहे, म्हणून तर हे आकडे जास्त विश्वासाचे वाटतात. त्यांनी आपल्याला न आवडणारे आकडेही छापले.

शरीराबाहेर तरंगण्याचा अनुभव खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो येतो. 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लांके अपस्माराच्या एका बाईच्या मेंदूची तपासणी करत होते. कानाच्या मागच्या-वरच्या भागात, उजवीकडे, विजेचा हलका झटका दिला की ती म्हणायची, मी वरून स्वतःला पलंगावर पाहतेय. झटका थांबला की खाली. बटण कुठे आहे ते सापडलंय, एवढंच.

चौथा मुद्दा रेडिओचा. ‘मेंदू हा केवळ रेडिओ आहे, चैतन्य म्हणजे लहरी. रेडिओ फुटला तरी प्रसारण चालूच राहते.’ ऐकायला गोड आहे, मलाही कॉलेजात पटला होता. मग आजोबांना अल्झायमर झाला. आमच्याकडचा जुना रेडिओ बिघडला की अस्मिता वाहिनीवर खरखर यायची, आवाज जायचा, मध्येच दुसरं स्टेशन घुसायचं. पण बातम्या वाचणारी बाई स्वतःच्या मुलाचं नाव विसरलीय, असं कधी झालं नाही. आजोबांचं तेच झालं. जन्मभर कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस आजीला शिव्या द्यायला लागला. बिघाड नुसता आवाजात नव्हता, कार्यक्रमातच होता. कार्यक्रम दुसरीकडे कुठेतरी सुखरूप चालू असेल, तर आजीवर चिडत होतं ते कोण?

उरलेले भराभर. 21 ग्रॅमचा आत्मा: अमेरिकेत डंकन मॅकडूगल यांनी 1907 मध्ये छापलेला प्रयोग. सहा मरणासन्न माणसं, त्यातल्या दोघांचं वजन खुद्द त्यांनीच बाद ठरवलं, आणि 21 ग्रॅम भरले फक्त एकाच्या बाबतीत. नंतर 15 कुत्री मारून तोलली, वजन घटलं नाही, तर निष्कर्ष काढला की कुत्र्यांना आत्मा नाही. नामदेवाने तूप घेऊन ज्याच्या मागे धावावं, त्याला आत्मा नाही! आमच्या चाळीत हा प्रबंध नापास झाला असता.

हृदयात 40,000 चेतापेशी असतात, म्हणून हृदयही विचार करतं: असतात. मेंदूत 8,600 कोटींच्या आसपास असतात. आतड्यांत कोट्यवधी. या हिशोबाने हृदयाआधी पोटाचं मत विचारायला हवं. धडधडीचा मनावर परिणाम होतो हे कबूल, परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनाच कळतं. पण प्रत्यारोपित हृदयाबरोबर दात्याच्या आठवणी येत असतील, तर चैतन्य मांसात आहे असं ठरेल, आणि मुद्दा पहिला पुन्हा आडवा.

क्वांटम: चैतन्य सूक्ष्मनलिकांमधल्या क्वांटम घडामोडींतून येतं, ही भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज आणि भूलतज्ज्ञ हॅमरॉफ यांची कल्पना आहे, वादग्रस्त आहे, आणि त्या सूक्ष्मनलिका असतात मेंदूच्या पेशींत. नासा: नासाने असं काही सिद्ध केलेलं नाही.

आठवा मुद्दा, ‘आपल्या सर्व ऋषींनी हेच सांगितले’. सर्व? चार्वाक म्हणत होते की किण्वातून (दारूच्या आंबवणातून) जशी नशा, तसं देहातून चैतन्य. ब्रह्मसूत्रांना हा पक्ष आधी मांडून मग खोडावा लागला, आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य केलं. म्हणजे वाद होता, चांगला रंगलेला होता. मेसेजने तो गाळला, कारण पुढे पाठवायला वाद सोयीचा नसतो.

खरं सांगायचं तर मूळ प्रश्न सुटलेला नाही. पेशींच्या विजेतून ‘दुखतंय’ ही जाणीव कशी होते, ते कुणालाच सांगता येत नाही. क्रिस्टॉफ कॉख या मेंदूवैज्ञानिकाने 1998 मध्ये डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की 25 वर्षांत निदान जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण तरी सापडेल. 2023 मध्ये कॉख हरले, वाइनच्या बाटल्या द्याव्या लागल्या. ज्याला यावर रात्र जागवायची असेल त्याने जरूर जागवावी, मीही येईन. पण आयसीयूच्या दाराशी बसलेल्या बाईला रात्री साडेअकराला उत्तर पाठवू नये. तेही भलतंच.

हे सगळं गेल्या रविवारी मावशीला वाचून दाखवलं. टेनिस, 21 ग्रॅम, चार्वाक तिने ऐकलं न ऐकलं, मध्ये उठून चहा टाकला. व्हेंटिलेटर काढून वाट पाहतात तो परिच्छेद तेवढा परत वाचायला लावला.

“किती मिनिटं म्हणालास?”

“आठ-दहा.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“आणि घेतला नाही?”

“नाही घेतला, मावशी.”

तिने कप माझ्यासमोर सरकवला आणि साखर घातलीय का ते विचारलं.