पक्षाघाताचा रुग्ण घरी सोडताना
पक्षाघाताचे रुग्ण महिनाभरात पुन्हा तातडीने दाखल होतात, याचा दोष या विषयावरील आपल्या लेखात लेखकाने प्रामुख्याने गोळ्या बंद करणाऱ्या कुटुंबांना दिला आहे. ते अर्धेच खरे आहे. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारे आमच्या बीड जिल्ह्यातही पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या झटक्याबरोबरच न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग आणि तोल जाऊन पडणे यांमुळेही रुग्ण परत येतो. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला आडवे ठेवून पातळ वरण पाजले, की ते श्वासनलिकेत उतरते आणि ताप चढतो. त्याला ताठ बसवून घट्टसर खिमट लहान चमच्याने, घाई न करता भरवावे, हे माझ्या चुलत्यांना घरी सोडताना कोणीही सांगितले नव्हते. लघवीची नळी कधी काढायची, हेही नाही. डिस्चार्ज कार्ड सगळे इंग्रजीत! त्यातून ऊसतोडीच्या हंगामात घरची कर्ती माणसे बाहेर असतात आणि रुग्णाची सेवा म्हाताऱ्यांच्याच गळ्यात पडते, तेव्हा फिजिओथेरपीसाठी पाटोद्याहून बीडला त्याला न्यायचे कोणी? निदान सोडण्यापूर्वी गिळण्याची तपासणी व्हावी आणि पहिल्याच आठवड्यात आशाताईंनी मराठी सूचनापत्रक घेऊन घरी यावे, अशी व्यवस्था शासनाने सक्तीची करायला हवी.