५ जूनचा कार्यक्रम एप्रिलमध्ये घ्या

खान्देशातल्या कॉलेजांमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात पर्यावरणाचे जे कार्यक्रम होतात, त्यांच्याबद्दल बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. मी भूगोल शिकवते. त्यामुळे कधी पाहुणी म्हणून, कधी पोस्टर स्पर्धेची परीक्षक म्हणून, तर कधी नुसती श्रोता म्हणून या कार्यक्रमांना जाणं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे कार्यक्रम चुकीच्या महिन्यात होतात, आणि महिना चुकला की पुढचं सगळं चुकत जातं.

५ जूनचंच घ्या. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद ज्या दिवशी सुरू झाली, ती ही तारीख. १९७३ पासून जगभर हा दिवस जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे ५ जूनला काय असतं? कॉलेजला सुट्टी. मुलं गावी गेलेली, निम्मी शेतात. आवारात प्राचार्य, चार प्राध्यापक, ऑफिसातली मंडळी आणि जवळपास राहणारी एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) दहा-पंधरा मुलं. जमीन भेगाळलेली. पाऊस आपल्याकडे नीट बसायला जूनचा शेवट उजाडतो. कोरडवाहू शेतकरीसुद्धा बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघत असतो, आणि आपण मात्र त्या दिवशी खड्डा खणून रोप लावतो, फोटो काढतो आणि घरी जातो. एका कॉलेजातले माळीकाका मला म्हणाले होते, "झाड लावनं सोपं शे, मॅडम. उन्हायामा पानी कोन टाकी?" त्यांच्या हातात पाण्याचा पाइप होता, आणि नळाला पाणी नव्हतं.

दुसरा हंगाम जानेवारी ते मार्चचा. हवामान बदलावरची राष्ट्रीय परिषद, चर्चासत्र, कार्यशाळा. तेव्हा आपल्याकडे हवा छान असते. सभागृहात कोणाला घाम येत नाही, आणि तापमानवाढीवरची भाषणं शांतपणे ऐकली जातात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट विचारतात. तेव्हा फाइलला अहवाल लागतो, फोटो लागतात. ज्यांच्यावर ही कामं पडतात त्यांची धावपळ मी जवळून पाहते आणि त्यांना दोष देत नाही. पण ज्या दोन महिन्यांत खान्देश खरोखर होरपळतो, त्या एप्रिल-मेमध्ये कॅम्पसवर पर्यावरणाचा एकही शब्द निघत नाही. कारण तेव्हा परीक्षा असतात.

आणि नेमकं तिथेच बघायला हवं. भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात एप्रिलच्या उत्तरार्धात पारा ४४-४५ वर जाणं नवीन राहिलेलं नाही. हवामान खात्याच्या हिशोबाने मैदानी भागात ४० च्या वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की उष्णतेची लाट, आणि ४५ झालं की सरासरी न बघताच लाट. हे मोजमाप सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतल्या तापमापकाचं असतं. दुपारी दोनच्या पेपरला पत्र्याखालच्या हॉलमध्ये किती होतं, ते कोणी मोजत नाही. मी तिथे सुपरव्हिजन करते. मुलं रुमालाची घडी करून मनगटाखाली ठेवतात, म्हणजे घामाने उत्तरपत्रिका ओली होऊन शाई पसरत नाही. मुली ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून मानेवर ठेवतात. पंखा फिरतो, पण वरून येतो तो फुफाटाच. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीला भोवळ आली. तिला बाहेर व्हरांड्यात निजवलं, शिपाईमामांनी धावत जाऊन लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणलं. वीस मिनिटांनी ती उठून परत पेपर लिहायला बसली, आणि तिला वाढीव वेळ द्यायचा की नाही याचा नियम आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना.

मला हवामान बदलाचा कार्यक्रम हवा आहे तो या हॉलमध्ये.

शाळा उन्हाळ्यात सकाळी भरते, हे खान्देशात कोणालाही सांगावं लागत नाही. मग कॉलेजचे पेपर दुपारी का? अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा त्या महापालिकेने अभ्यास करून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय, कामाच्या वेळा बदलणं. यात अवघड विज्ञान काहीच नाही. मग प्रत्येक कॉलेजला आपल्यापुरता असा दोन पानांचा आराखडा का करता येऊ नये? कोणते वर्ग पश्चिमेला, कोणते पत्र्याचे, कोणत्या मजल्यावर दुपारी बसवायचं नाही, ओआरएसची पाकिटं कुठे, भोवळ आली तर मुलाला किती वेळ वाढवून द्यायचा. पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा आहे. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून त्याची सुरुवात झाली. त्याच्या प्रोजेक्टला मुलं ओझोनच्या थराची चित्रं उतरवून आणतात. त्याऐवजी प्रत्येक वर्गात एक साधा तापमापक टांगा आणि महिनाभर रोज तीन वेळा नोंद घ्यायला सांगा. ती वही परीक्षा विभागापुढे ठेवली, की वेळापत्रकाची चर्चा आपोआप सुरू होईल.

पाण्याचंही असंच. आपल्याकडे वर्षाला साधारण ६५०-७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पडला की एक लिटर होतो. म्हणजे हजार चौरस मीटरच्या एका इमारतीवर ६५० मिलिमीटरचे साडेसहा लाख लिटर. वीस टक्के वाया गेले धरले तरी ५ लाख २० हजार लिटर उरतात. एवढं पाणी पन्हाळीतून पार्किंगमध्ये वाहून जातं, आणि मार्चमध्ये होस्टेलला टँकर येतो. हे गणित पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर करून दाखवलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. मग एकाने विचारलं, "मॅडम, आपल्या बिल्डिंगचं छत केवढं आहे?" आम्ही टेप घेऊन वर गेलो. माझ्या मते तो वर्षातला सगळ्यात चांगला पर्यावरणाचा तास होता, आणि त्याला ना पाहुणा होता ना फ्लेक्स.

पाण्याचा हिशोब हा आपल्या मातीला नवीन नाही. पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत काहीशे वर्षांपासूनची आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, म्हणजे तुकडे. बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून यंदा कोणता फड भिजवायचा आणि त्यात कोणतं पीक घ्यायचं, हे सगळे मिळून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी असे आणि त्याचा शब्द मोठ्या बागायतदारालाही ऐकावा लागे. धुळे जिल्ह्यातल्या किती कॉलेजांनी मुलांना साक्री तालुक्यात नेऊन हे बंधारे दाखवले असतील? त्याच तालुक्यातल्या बारीपाड्याने आपलं उजाड झालेलं जंगल स्वतः राखून परत उभं केलं. कुऱ्हाडबंदी, पहारा, दंड, सगळं गावाने ठरवलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे पावसाळ्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात, कोणती भाजी कुठे उगवते आणि कशी करायची ते सांगतात. जंगल टिकलं म्हणून भाजी आहे, आणि भाजीचं मोल कळतं म्हणून जंगल टिकतं. हा कार्यक्रमच आहे, पण त्याची तारीख जंगलाने ठरवलेली आहे.

वसुंधरा दिनाची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९७० साली अमेरिकेत तो पहिल्यांदा झाला तो मोठ्या प्रमाणावर कॉलेजांच्या आवारात, आणि २२ एप्रिल ही तारीख निवडताना विद्यार्थी वसंतातली सुट्टी संपवून आलेले असतील आणि वार्षिक परीक्षा लागलेली नसेल, हे पाहिलं गेलं. तिथल्या मुलांच्या सोयीने ठरलेली तारीख आपण तशीच घेतली, आणि इथे ती भर परीक्षेत येते.

मग आपली तारीख कोणती? मला विचाराल तर आखाजी. अक्षय्य तृतीयेला खान्देशात घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, पितरांना पाणी देतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे, जुने करार संपून नवे होतात. शेतकऱ्याचं वर्ष तिथून सुरू होतं. भर उन्हाळ्यातला पाण्याचा सण आपल्याकडे आधीपासूनच आहे. त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात कॅम्पसने वर्षाचा हिशोब मांडावा. बोअर किती खाली गेली, टँकर किती आले, वीजबिल किती, मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती झाडं जिवंत आहेत. हे सगळं नोटीस बोर्डावर, कुलगुरू किंवा प्राचार्यांच्या सहीने लावावं. झाडं लावायची ती जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, मुलं वर्गात आली की. आणि लावायची तर कडुनिंब, करंज, अंजन. धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूला अंजनाची झाडं पाहा. सुरुवातीची वर्षं हे झाड वर फारसं वाढतच नाही, मूळ खाली सोडत राहतं. फोटोसाठी ते सोयीचं नाही, पण खान्देशच्या मुरमाड जमिनीत टिकतं तेच. आणि जळगावसारख्या ठिबकच्या गावात रोपांना हंड्याने पाणी घालायची वेळ का यावी?

माझे एक सहकारी म्हणतात, मॅडम, कार्यक्रमाने जागृती तर होते. होते, मान्य. एखाद्या चांगल्या व्याख्यानाने मुलाची दिशा बदललेली मीही पाहिली आहे. पण रावेर-यावलच्या ज्या मुलाच्या वडिलांची केळी मे महिन्याच्या वादळात आडवी झाली, त्याला कसली जागृती द्यायची? गरम वाऱ्यापासून बाग वाचवायला कडेने शेवरी का लावतात, हे तो आपल्याला सांगेल. अक्कलकुवा-धडगावच्या मुलीला माहीत आहे की मोहाची फुलं कधी लवकर गळतात. त्यांना श्रोते म्हणून खुर्च्यांवर बसवण्यापेक्षा माइक त्यांच्या हातात द्या.

पैशाचं म्हणाल, तर एका दोन दिवसांच्या परिषदेतले हार, फेटे, स्मृतिचिन्हं आणि फ्लेक्स वगळले तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी एका जादा माळ्याचा पगार निघेल, आणि पत्र्याला पांढरा चुना मारायचा खर्चही.

सकाळच्या पेपरला एक खरी अडचण आहे, आणि ती मला परीक्षा विभागातल्या बाईंनीच सांगितली. खेड्यावरची मुलं एसटीने येतात. साडेसातला पेपर ठेवला तर पहिली गाडी चुकलेल्या मुलाचं वर्ष जाईल. म्हणून आम्ही काही जण आठ ते अकरा अशी वेळ मागणारं निवेदन तयार करतोय. चोपडा, पारोळा, शिंदखेडा, शहादा, नवापूर, कुठल्याही बाजूची पहिली एसटी तुमच्या गावाहून किती वाजता निघते आणि कॉलेजच्या गावात किती वाजता पोचते, हे माहीत असलेल्यांनी कृपया कळवा. लग्नसराईत ती गाडी रद्द होत असेल तर तेही लिहा. निवेदनाला तो तक्ता जोडायचा आहे.