गणिताचा शेरा आणि शुक्रवारचे दोन तास

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ चालला होता. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता येणार होतं. पण गुणपत्रिकेवर शेरा पडणार, की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. शेरा नको असेल तर फेरपरीक्षा. साताऱ्याचे काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी लिहिलं, "दर्जा उरलाच नाही." मामेबहिणीचा मुलगा गणितात दोनदा राहिलेला. ती म्हणाली, "काका, त्याचं वर्ष तरी वाचलं असतं." मला दोघांचंही दुःख कळत होतं. पण त्या मुलाला गणित शिकवणार कोण, हे दोघांच्याही बोलण्यात नव्हतं.

मी न्यूयॉर्कमध्ये कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. दोन वर्षांची पदवी, प्रवेशाला गुणांची अट नाही. वर्गात अठरा वर्षांच्या पोराशेजारी रात्रपाळी करून आलेली चाळिशीची रुग्णसेविका (नर्सच्या हाताखालची मदतनीस) बसते. इथेही कित्येक वर्षं एक शेराच होता. प्रवेशावेळच्या चाचणीत कमी पडलात, तर फी भरून शाळेचंच बीजगणित पुन्हा करायचं, आणि ते पदवीत धरलं जायचं नाही. शिक्षणाचे अभ्यासक थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. गणिताच्या अशा वर्गांना पाठवलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलं एकामागून एक वर्गांची ती साखळी पूर्ण करत होती. बाकीचे सगळे काही नापास झाले नव्हते. कित्येक जण पहिल्या वर्गाला बसलेच नाहीत, कित्येक दोन वर्गांच्या मध्येच गळाले.

कॅलिफोर्नियात जेम्स स्टिग्लर आणि सहकाऱ्यांनी अशाच विद्यार्थ्यांना नेमकं काय समजलंय ते तपासलं. 'अ' ही धन पूर्ण संख्या असेल, तर अ/५ मोठा की अ/८? बरोबर उत्तरं ५३ टक्के, म्हणजे नाणेफेकच. त्याहून मला लागलं ते एका मुलाचं उत्तर. ४६२ अधिक २५३, बरोबर ७१५. ताळा म्हणून त्याने ७१५ मधून २५३ वजा केले. ४६२ वजा केले तर चालेल का, असं विचारल्यावर, चालेल असं काही त्याला वाटेना. बेरीज म्हणजे काय हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोचला होता तो नुसता नियम. असा मुलगा ३५ गुण मिळवूनही पास होऊ शकतो, काका. आपल्याकडे असे किती झाले असतील, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

मग करायचं काय? २०१३ मध्ये इथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी अशाच पुन्हा बीजगणित करायच्या वर्गांना (इथे त्यांना रेमेडियल म्हणतात) पाठवलेल्या ९०७ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला नेहमीचं बीजगणित, दुसऱ्याला तेच पण आठवड्याला दोन तासांच्या जादा सरावासह, तिसऱ्याला सरळ कॉलेजचं संख्याशास्त्र, तेही त्याच सरावासह. पास झाले अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के. अवघड समजला जाणारा विषयच जास्त जणांनी पार केला! तीन वर्षांनी पदवी घेतलेल्यांतही संख्याशास्त्राचा गट पुढे होता.

आमच्याच स्टाफरूममध्ये काही जण म्हणतात, संख्याशास्त्रावर सुटलेल्यांना बीजगणित येत नाही ते नाहीच. खरं आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याची त्यातून सुटका नाही, आणि ती असूही नये. पण रुग्णसेविकेची परिचारिका होताना तिला औषधाच्या मात्रेचं प्रमाण कळायला हवं, टक्केवारी कळायला हवी. वर्गसमीकरणापाशी तिला का अडवायचं?

म्हणून २० गुणांना माझा विरोध नाही, शेऱ्याला आहे. पंधराव्या वर्षी कागदावर "पुढे गणित नाही" असं लिहून द्यायचं, हे मला क्रूर वाटतं. माझ्या वर्गात तिशी उलटल्यावर अपूर्णांक पहिल्यांदा नीट उमगलेली माणसं आहेत. आणि पास करण्याची रेषा खाली आणताना ते जादा दोन तास कुठून आणायचे, शिक्षक कोण, पगार कोण देणार, यावर चर्चा मला तरी कुठे दिसली नाही.

हे सगळं मी काकांना लांबलचक लिहून पाठवलं. माझ्या वर्गाचे सरावाचे दोन तास शुक्रवारी असतात, तेही कळवलं. आठवडाभर उत्तर नाही. मग एका ओळीचा निरोप आला: "पोराला शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठव म्हणावं. ताळ्यापासून सुरू करू."